गादी बदलली म्हणून कुंचला बदलतो का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, इराणी लघुचित्रांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत, 'चित्रं काढली चित्रकारांनी आणि प्रकरणांना नावं मात्र राजघराण्यांची. गादी बदलली म्हणून कुंचला बदलतो का?' प्रश्न मनाला लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

'सफावींनी नवी शैली निर्माण केली' हे माझं वाक्य चुकलं. सफावी घराण्याचा संस्थापक शाह इस्माईल यानं १५०१ मध्ये वायव्य इराणातलं तबरीझ घेतलं, तेव्हा तुर्कमान सुलतानांच्या पदरी तयार झालेली चित्रपरंपरा तिथं आधीच नांदत होती. १५१० मध्ये आजच्या अफगाणिस्तानातलं हेरात हाती आलं आणि तिथल्या बिहजाद या चित्रकाराच्या तैमुरी (तैमूरच्या वंशजांच्या दरबारातल्या) वळणाची रेघ तबरीझला येऊन मिळाली. चित्रकार सुलतान मुहम्मदनं इस्माईलचा मुलगा शाह तहमास्प याच्या शाहनाम्यात (इराणी राजांच्या महाकाव्याच्या सचित्र प्रतीत) काढलेला 'गयुमर्सचा दरबार' पाहा. डोंगरमाथ्यावर पहिला राजा, भोवती चित्त्याची कातडी पांघरलेली माणसं, आणि खडकांच्या घड्यांत दडलेले माणसांचे नि प्राण्यांचे चेहरे! एकेक चेहरा सापडायला वेळ लागतो. या चित्रापुढे चित्रकारांनी लाजून माना खाली घातल्या, असं त्याच काळातल्या सुलेखनकार दोस्त मुहम्मदनं १५४४ च्या सुमारास लिहून ठेवलंय. यातला तबरीझचा जोम आणि हेरातचा नेमकेपणा कुठल्याही शाहाच्या हुकमानं जन्मलेला नाही, हे तुमचं म्हणणं मला पटतं.

पण राजाला चित्राच्या चौकटीबाहेर काढता येईल, असं मला वाटत नाही. १३९६ मध्ये बगदादला इराणी कवी ख्वाजू किरमानीच्या काव्याची सचित्र प्रत तयार झाली. तिच्यातल्या काव्यनायक हुमायच्या विवाहाच्या चित्रात, खिडकीच्या नक्षीत, चित्रकारानं बारीक अक्षरांत सही केली आहे : जुनैद, 'नक्काश सुलतानी', म्हणजे सुलतानाचा चित्रकार. चित्रकाराची सही असलेल्या अगदी सुरुवातीच्या इराणी चित्रांत याची गणना होते, आणि त्या सहीतही सुलतान आहेच. सोनं, लाजवर्दाचा निळा रंग, घोटलेला कागद आणि सुलेखनकारापासून बांधणीकारापर्यंत कितीतरी माणसांचा वर्षानुवर्षांचा पगार, हे सगळं शाही किताबखाना (ग्रंथ तयार करणारी दरबारी कार्यशाळा) पोसायचा. तहमास्पच्या शाहनाम्यात २५८ चित्रं होती. त्या शाहाचं मन चित्रकलेवरून उडालं, तेव्हा मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे चित्रकार हुमायूनकडे काबूलला निघून आले, आणि आपल्याकडच्या मुघल चित्रकलेचा पाया घातला गेला. एका राजाची अरुची इतकी दूरवर पोचली. म्हणून त्या प्रकरणांची नावं तशीच ठेवतो, चुकलेलं वाक्य मात्र बदलतो.

शेवटचं प्रकरण मात्र नव्यानं मांडतोय. १५९८ मध्ये शाह अब्बासनं इस्फहानला राजधानी नेली. पुढे तिथं ग्रंथाऐवजी सुट्या पानांवरची चित्रं फार झाली, आणि ती दरबाराबाहेरचे हौशी लोकही विकत घेऊ लागले. चित्रकार रिझा अब्बासी तर काही वर्षं दरबार सोडून पहिलवानांच्या संगतीत रमला होता. या भागाला घराण्याचं नाव देणं हा त्या माणसांवर अन्याय होता. नवं शीर्षक 'रिझा आणि मुईन' असं आहे. मुईन मुसव्विर हा त्याचा शिष्य. त्यानं गुरूचं चित्र १६३५ मध्ये काढायला घेतलं, ते पुरं केलं १६७३ मध्ये. मधल्या काळात गादीवर दोनदा नवा शाह आला. चित्रात रिझा चष्मा लावून बसलाय आणि हातातल्या कागदावर एका फिरंग्याचं चित्र काढतोय.