पेटीबरोबर एक माणूस

शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर रात्री साडेदहाला संगीताच्या बाईंचा निरोप आला : ‘रविवारी वाशीला समूहगान महोत्सव. पेटीबरोबर एक माणूस हवा.’ सगळ्या आया गप्प. सगळे बाप त्याहून गप्प. मी खरं तर वरच्या, मिठाच्या गुळण्यांच्या निरोपाला अंगठा द्यायला गेलो आणि बोट खाली घसरलं. दोन मिनिटांत वीसेक जणांनी मला हात जोडले होते.

माझा आणि गाण्याचा संबंध चौथीतच संपला होता. प्रार्थनेच्या वेळी गुरुजी रांगेतून फिरत माझ्यापाशी थांबले, कान पुढे करून ऐकलं आणि अगदी मायेनं म्हणाले, “तू नुसते ओठ हलव हं, बाळ.” रागावले असते तर विसरलो असतो. तेव्हापासून राष्ट्रगीत, आरत्या, मंगलाष्टकं, केक कापतानाचं गाणं, सगळीकडे मी ओठच हलवत आलोय. गणपतीत डोळे मिटून हलवतो, त्यामुळे सोसायटीत माझी भाविक म्हणून ख्याती आहे.

लेक सुदैवानं आईवर गेली. तिची निवड झाल्यापासून महिनाभर आमच्या घरात गळा या एकाच अवयवाला मान होता. चिंच बंद, बोरं बंद, दही बंद, बर्फाचा गोळा तर नावसुद्धा काढायचं नाही. दप्तरात ज्येष्ठमधाच्या काड्या. ती मित्रमैत्रिणींशी खुणांनी बोलायची आणि आमच्याशी बोलायचीच नाही. हे पथ्य बारा महिने पाळता येईल का, असं मी बाईंना विचारणार होतो.

एकदा तिला तालमीला सोडायला गेलो तेव्हा मागच्या रांगेतला आठवीचा एक उंच मुलगा दिसला. त्याचा आवाज सुट्टीत फुटला होता. गाणं मुलींच्या सोयीनं काळी चारमध्ये, म्हणजे वरच्या पट्टीत बसवलेलं. हा बिचारा वर चढायला जायचा आणि मध्येच गंजलेल्या बिजागरीसारखा करकरायचा. त्यालाही जागेवरून काढायला नको, म्हणून बाई हळूच म्हणाल्या, “तू सध्या नुसते ओठ हलव.” माझ्या पोटात कालवलं. मला त्याला खाऊ द्यावासा वाटला, पण सगळं बंद होतं.

आता पेटीविषयी. बैठकीत गादीवर बसलेली पेटी बघून तिला वजन असेल असं वाटत नाही. शाळेची पेटी लाकडी खोक्यासकट पंधरा किलोची तरी असावी, आणि खोक्याचं हँडल एका बाजूनं निघालेलं. रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीसेक वर्षं टिकली. तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, बरोबर लागत नाहीत, अशी विद्वानांची कारणं होती म्हणतात. मला वाटतं, स्टुडिओच्या जिन्यावरून ती वर नेणाऱ्या कुणीतरी वरिष्ठांचे कान फुंकले असणार.

रविवारी सकाळी ठाणे स्टेशन. चोवीस मुलं, बाई, दोन आया, तबल्याच्या पिशव्या आणि मी. पुलाचे जिने चढून उतरून दहा नंबरवर येईतो माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन सुरांनी खाली आला होता. मुलं मधल्या डब्यात चढणार आणि पेटी लगेजच्या डब्यात, असं ठरलं. बाई मुलं मोजत राहिल्या, मी पेटी डोक्यावर घेऊन पुढे गेलो. समोर गाडी उभी होती. कुठली ते इंडिकेटरवर लिहिलेलं असतं, पण इंडिकेटर बघायला मान वर करावी लागते. डोक्यावर पेटी असताना ती होत नाही. मी चढलो. गाडी सुटली. फलाटावर बाई अजून मोजतच होत्या. त्या “पुढची आपली” असं ओरडल्या, हे मला नंतर कळलं.

ट्रान्स हार्बर ही ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी, २००४ साली सुरू झालेली लाइन. मुंबईच्या लोकलमध्ये तशी धाकटी, पण खोडी थोरलीसारखी आहे. तुर्भ्याला तिला दोन फाटे फुटतात. एक सानपाड्यावरून वाशीला, दुसरा जुईनगर, नेरुळ करत पनवेलकडे. माझी गाडी पनवेल होती. इथवर काही बिघडलं नव्हतं. तुर्भ्याला उतरायचं आणि मागून येणाऱ्या वाशी गाडीत पोरांना गाठायचं. बाईंना तसा फोनही केला. “नक्की उतराल ना?” त्यांनी विचारलं. मी हसलो.

लगेजच्या डब्यात मेथीच्या जुड्या होत्या, झेंडूची पोती होती आणि पांढऱ्या टोप्या घातलेले आठ-नऊ जण होते. पनवेलच्या पुढे कुठल्याशा गावी सप्ताहाला निघालेले. पखवाज होता, टाळ होते. त्यांचा पेटीवाला आदल्या रात्री जुलाब लागून घरी राहिला होता. सगळ्यांची नजर माझ्या खोक्यावर गेली.

“माउली, पेटी रिकामीच हाय जणू?”

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण ‘माउली’ म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही, ही या भाषेतली मोठीच अडचण आहे. बुवांनी खोकं उघडलं, भाता सोडला, आणि महिनाभर चोवीस गळ्यांना अदबीनं सूर देणारी ती पेटी अशी मोकळी वाजायला लागली की मलाच तिची ओळख पटेना. एकानं माझ्या हातात टाळ दिले. मी सवयीनं ओठ हलवायला लागलो. शेजारच्या माउलींनी कोपर मारलं, “आवाज काडा की!”

काढला.

कुणी थांबलं नाही. कुणी कान पुढे केला नाही. टाळांच्या खणखणाटात माझा सूर कुठे लागतोय, हे ब्रह्मदेवाला कळलं नसतं. मग मी आणखी काढला. पस्तीस वर्षांचं तुंबलेलं पाणी होतं ते. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे... स्टेशनं गजरात बाजूला होत गेली. तुर्भे आलं तेव्हा मी डोळे मिटून वरच्या पट्टीत होतो, असा माझा अंदाज आहे. डोळे उघडले तेव्हा समोर नेरुळची पाटी होती आणि फोनवर बाईंचे अकरा मिस्ड कॉल.

बुवांच्या हातून पेटी अक्षरशः ओढून घेतली. पुन्हा जिना, समोरचा फलाट, हार्बरची उलटी गाडी, जुईनगर, सानपाडा, वाशी, रिक्षा. रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, “प्रोग्राम हाय का?” घशातून उत्तर निघालं नाही.

विष्णुदास भावे नाट्यगृहाच्या विंगेत पोचलो तेव्हा आमची मुलं रंगमंचावर उभी राहिलेली होती. पेटीवाचून. कुणाच्या तरी मोबाइलमधला तानपुरा लावला होता, तो दुसऱ्या एका शाळेच्या सरांचा. सरांची स्वतःची पट्टी काळी एक, म्हणजे चांगलीच खालची, मोबाइल त्याच पट्टीत लावलेला. घाईत बदलायचा राहिला. समोर परीक्षक, घड्याळ सुरू. मुलांनी ऐकू आला तो सा धरला आणि गाणं सुरू झालं.

गाणं समुद्राचं. बाईंनीच चाल लावलेली. दुसऱ्या ओळीत ‘खोल’ हा शब्द येतो आणि तिथे चाल मंद्र पंचमाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘प’ला उतरते, ती बाईंची खास जागा. काळी चारमध्ये मुली तिथे छान पाय भिजवून यायच्या. काळी एकमध्ये तळच लागेना. ‘खो’पर्यंत सगळ्या आल्या आणि ‘ल’वर एकेक करून बुडाल्या. नुसती हवा ऐकू यायला लागली. मी विंगेत पेटी छातीशी धरून उभा. वाजवायला येत असती तर मीच धावलो असतो.

आणि त्या हवेतून एक आवाज वर आला. वर कसला, खालीच होता तो. मागच्या रांगेतून, भरदार, सरळ, जराही न करकरता. आठवीतला तो मुलगा. पट्टी त्याच्या दाराशी चालत आलेली बघून त्याला ओठांचं काय सांगितलंय ते आठवेना. ‘खोल’ त्यानं एकट्यानं म्हटलं. मुलींनी वळून बघितलं (गुण कापले जातात याचे), आणि पुढच्या कडव्याला तर त्या ठिकाणी त्या आपणहून थांबल्या.

ज्यांच्या नावाचं ते नाट्यगृह, त्या भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभं केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्यावर नुसता अभिनय करायची. म्हणजे ओठ हलवणाऱ्यांची परंपरा तशी जुनी आणि घरंदाज आहे. त्या पात्रांपैकी कुणी मध्येच खरंच गायला लागलं होतं का, याची नोंद नाही.

उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षक म्हणाले, खर्जातल्या एकट्या आवाजाची कल्पना धाडसी होती. बाईंनी “हो, म्हटलं जरा वेगळं करू” असं उत्तर दिलं आणि प्रमाणपत्र घेतलं. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल अपार आदर वाटला. त्यांना माझ्याबद्दल काय वाटत होतं, ते त्यांनी मुलांसमोर सांगितलं नाही.

परतताना मेगाब्लॉक. ठाण्याची बस मिळाली. कंडक्टरनं पेटीचं लगेज लावलं आणि ती माझ्या मांडीवरच राहिली. महिन्याचं पथ्य संपलेलं, त्यामुळे दिघ्यापर्यंत चोवीसच्या चोवीस पोरं बोंबलत होती. आठवीतला उंच मुलगा खिडकीशी बसून सगळ्यांना हुकूम सोडत होता. विटाव्याला, रेल्वेपुलाखाली, बस अडकली तेव्हा बाई माझ्या सीटपाशी आल्या.

“तुर्भ्याला झोप लागली का हो, बाबा?”

मी ‘हो’ म्हणायला गेलो. आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तर नुसती चिरकी फुर्र निघाली.

“अगंबाई, घसा बसला तुमचा!”

“वारं लागलं,” मी खुणेनं सांगितलं, “लगेजच्या डब्यात.”

बाईंनी पर्स उघडली, ज्येष्ठमधाची एक काडी काढून माझ्या हातात दिली आणि चार दिवस दही खाऊ नका म्हणाल्या. लेक पुढच्या सीटवरून वळून माझ्याकडे बघत होती. मग तिचं लक्ष खोक्याकडे गेलं. तिनं हात घालून फटीतून झेंडूच्या दोन पाकळ्या काढल्या, हुंगल्या, आणि काही न विचारता आपल्या खिशात टाकल्या.