‘नवीनच ओएस टाका, नंतर अपग्रेड करू’ हे डेटाबेसला का चालत नाही

एक सल्ला सतत फिरत असतो: डेटाबेस सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिमची सगळ्यांत नवी आवृत्ती टाका. ती सुरक्षित असते, वेगवान असते, आणि जुनी झाली की अपग्रेड करायचं, डेटा तर तसाच राहतो.

आधी हे शेवटचंच बघू, कारण खरा घात तिथे आहे. डेटा तसाच राहतो, पण त्याचा क्रम बदलू शकतो. पोस्टग्रेसक्यूएल हे डेटाबेस-सॉफ्टवेअर मजकुराचा क्रम सहसा ऑपरेटिंग सिस्टिमच्या ग्लिबसीला (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीला) विचारून लावतं. २०१८ साली ग्लिबसी २.२८ आली आणि तिने हे नियम बदलले. अमेरिकन इंग्रजी लोकेलमध्ये (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये) ‘११’ आणि ‘१-१’ सॉर्ट करून बघा: आधी ‘११’ पहिलं यायचं, आता ‘१-१’ येतं. इंडेक्स (ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) जुन्या क्रमाने रचलेला, शोध नव्या क्रमाने. मग शोध भलत्याच फांदीवर जातो. अख्खं टेबल वाचलं तर ओळ दिसते, इंडेक्समधून विचारलं की शून्य ओळी. त्याहून वाईट म्हणजे युनिक (दुबार नोंद रोखणारा) इंडेक्स असूनही तीच नोंद दुसऱ्यांदा आत शिरते, आणि लॉगमध्ये चकार शब्द नाही.

डेबियन ९ वरून १०, रेड हॅट ७ वरून ८, उबंटू १८.०४ वरून २०.०४ या लिनक्सच्या तिन्ही उड्या ग्लिबसी २.२८ ची रेषा ओलांडतात. प्रायमरी (मुख्य सर्व्हर) जुन्या ओएसवर आणि स्टँडबाय (त्याची चालू प्रत) नव्यावर ठेवला तरी तेच. पोस्टग्रेस १५ पासून कोलेशनची (क्रम लावण्याच्या नियमांची) आवृत्ती जुळत नसल्याची वॉर्निंग येते. ती गप्प करायला लोक ‘रिफ्रेश कोलेशन व्हर्जन’ चालवून मोकळे होतात! त्याने फक्त नोंदलेला आकडा बदलतो. इंडेक्स दुरुस्त होतो तो रीइंडेक्सनेच (इंडेक्स पुन्हा बांधूनच), आणि तो रिफ्रेशच्या आधी करायचा. डंप-रिस्टोअर (डेटा फाइलमध्ये काढून नव्या सर्व्हरवर भरणं) किंवा लॉजिकल रेप्लिकेशनने (बदल ओळी-ओळींनी नव्या सर्व्हरकडे पाठवून) गेलात तर इंडेक्स नव्यानेच बांधले जातात. (मायएसक्यूएल हे दुसरं डेटाबेस-सॉफ्टवेअर स्वतःचे कोलेशन बाळगतं, त्यामुळे त्याच्या वाट्याला हे दुखणं येत नाही.)

‘नवी म्हणजे सुरक्षित’? उबंटू २४.१० चे अपडेट जुलै २०२५ मध्ये बंद झाले. तिच्याहून अडीच वर्षं जुन्या २२.०४ ला ते २०२७ पर्यंत आहेत. उबंटूची बिगर-एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट नसलेली) आवृत्ती नऊच महिने जगते. रेड हॅटमध्ये पॅकेजचा आकडा जुना दिसतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्या आवृत्तीतून मागे आणून त्यातच बसवलेल्या असतात. तेव्हा आवृत्तीचा जन्म नाही, सपोर्टची शेवटची तारीख बघा. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपला. तिथे अडून बसणं हाही शहाणपणा नव्हे.

वेगाचं म्हणाल, तर तो बहुतेकदा डेटाबेसच्या आवृत्तीतून, क्वेरीतून आणि डिस्कमधून येतो. नवं पोस्टग्रेस हवं असेल तर प्रकल्पाच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून ते जुन्या एलटीएसवरही बसतं. नव्या मशिनचं कंट्रोलर कार्ड (डिस्क जोडणारं कार्ड) जुन्या कर्नलला (ओएसच्या गाभ्याला) दिसलंच नाही, तर मात्र नवी आवृत्ती घ्यावी लागते, आणि तेव्हाही एलटीएसच.