समजदार लेकरं

दसरा झाला की माझ्या वर्गातला आवाज कमी होतो. बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. इथले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर नाहीतर थेट कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच खर्च झालेली असते, त्यामुळं जायचं की नाही हा प्रश्नच नसतो. काही लेकरं सोबत जातात, बाकीची आजीजवळ राहतात.

मीही आजीजवळ राहिलेलाच. तिसरीत होतो. आई-बाप पहाटे गेले. मी रडेन म्हणून आईनं उठवलं नाही. सकाळी उठलो तर चूल आजी पेटवत होती. त्यानंतर कित्येक महिने मी तिच्या लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळून झोपायचो. एप्रिलात आई आली, तिनं हात पुढं केले आणि मी आजीच्या मागं लपलो. आईचा चेहरा अजून डोळ्यांपुढं आहे. डीएडला असताना लहान मुलांच्या मनाचा अभ्यास करणारे जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांचं काम वाचलं तेव्हा त्या दिवसाचा अर्थ लागला. आईपासून तुटलेलं लहान मूल आधी आकांत करतं, मग खचतं, शेवटी अलिप्त होतं, असं त्यांनी लिहून ठेवलंय. या तिसऱ्या टप्प्याला आपल्याकडं लोक म्हणतात, ‘बघा, किती लवकर रुळलं!’

मला बोलायचंय ते याच कौतुकाबद्दल. माझ्या वर्गात चौथीतली एक मुलगी आहे. धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येते. घरी भाकरी थापते, आजीच्या गोळ्या वेळेवर देते. सगळं गाव म्हणतं, पोर फार समजदार आहे. पण ही पोर वर्गात कधी काही मागत नाही. पेन्सिल संपली तरी गप्प बसते, गणित अडलं तरी गप्पच. तिचा भाऊ पडला की आधी इकडंतिकडं बघतो, मग न रडता उठतो. नऊ वर्षांच्या मुलीनं हट्ट करणं सोडलं असेल, तर तिचं काहीतरी हरवलंय. अशी लेकरं त्रास देत नाहीत, म्हणून आम्हा शिक्षकांचंही त्यांच्याकडं दुर्लक्ष होतं. माझंही झालंय.

मुलगी सातवी-आठवीत गेली की वेगळीच धास्ती. ‘कुणाच्या भरवशावर ठेवू?’ म्हणून लग्न उरकतात. पुढच्या दसऱ्याला एक नवा कोयता तयार.

‘पोटच्या लेकरांना टाकून जातात कसे?’ असं कुणी लिहिलं की फार राग येतो. लेकरू तापानं फणफणलं तरी आई येऊ शकत नाही, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. ती तिकडं कोपीत, म्हणजे झोपडीत, कशी झोपत असेल, ते मी माझ्या आईकडून ऐकलंय.

मागं राहिलेल्या लेकरांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, चांगली आहे. पण आमच्याकडं एका वर्षी ती सुरू होईपर्यंत डिसेंबर उजाडला होता. कोयते निघतात त्याच दिवशी ती सुरू झाली पाहिजे. दोन वेळचं जेवण मिळतं, ते मोलाचंच आहे. पण रात्री या लेकरांजवळ बसणारं, ‘आज काय झालं?’ विचारणारं माणूसही त्याच योजनेत हवं. सत्तरीच्या आजीनं किती पुरावं?

मी माझ्यापुरतं एक करतो. संध्याकाळी सात वाजता माझ्या फोनवरून आई-बापाला व्हिडिओ कॉल लावून देतो. पहिले आठ-दहा दिवस लेकरं बोलतच नाहीत. नुसती बघत राहतात. तरी मी लावतो.

आणि यंदा घरोघरी जाऊन सांगतोय, की निघताना लेकराला उठवा. कुठं चाललो, कधी येणार, सांगा. रडलं तर रडू द्या. परवा एक बाप म्हणाला, “गुरुजी, ते रडाया लागलं की पाय निघत नाही हो.”

मी म्हणालो, “ठाऊक आहे, दादा. तरी उठवा.”