कोरड्या धुळीवर कपडा मारायला सांगणाऱ्यांना

"जरा कपडा मार रे" हे वाक्य मोटारींच्या प्रदर्शनात दिवसभर कानांवर पडते आणि दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. हे सांगणारा मनुष्य बहुधा गळ्यात ओळखपत्र अडकवून आणि हातात वॉकीटॉकी घेऊन उभा असतो. त्याच्यासमोर काळ्या रंगाची कोरी गाडी असते, बॉनेटवर प्लायवूडच्या भुश्शाचा आणि तांबड्या मातीचा थर बसलेला असतो, आणि तो थर पाण्याचा थेंबही न वापरता दोन मिनिटांत नाहीसा व्हावा अशी त्याची अपेक्षा असते. दुपारी त्याच बॉनेटवर दिव्यांच्या झोतात ओरखडे दिसू लागले की हाच मनुष्य आमच्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

माझे फोंड्यात छोटेसे डिटेलिंगचे, म्हणजे गाड्यांची बारकाईने सफाई आणि पॉलिशिंग करण्याचे वर्कशॉप आहे. पणजीजवळच्या एका मोठ्या सभागृहात भरलेल्या प्रदर्शनात गाड्या तयार करण्याचे आणि प्रदर्शन संपेपर्यंत त्या तशाच राखण्याचे काम आम्हाला मिळाले होते. काम अवघड आहे हे ठाऊक होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती कामाच्या उफराट्या क्रमाची. गाड्या आल्या, कव्हरे काढली गेली, आम्ही रात्रभर राबून त्या तयार केल्या, आणि पहाटे पाहतो तर शेजारच्या दोन स्टॉलांवर सुतारकाम सुरूच होते. एमडीएफचे (लाकडाच्या भुश्शापासून दाबून केलेले) बोर्ड गोल करवतीने तिथल्या तिथे कापले जात होते, जोडांवर भरलेली लांबी (पुट्टी) घासली जात होती, आणि एक रंगारी कसलाही आडोसा न लावता स्प्रे गनने पांढरा रंग मारत होता. आमच्या गाडीपासून तो जेमतेम पंधरा फुटांवर असेल. स्प्रेचे बारीक तुषार हवेत तरंगत येऊन रंगावर बसतात आणि वाळून चिकटतात. डोळ्यांना ते चटकन दिसत नाहीत, पण तळहात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावरून अलगद फिरवला की बारीक रवाळ खरखर लगेच जाणवते. ती काढायला क्ले बार, म्हणजे रंगावरचे चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी लागते, भरपूर वंगण लागते, आणि एकेका पॅनेलवर, म्हणजे पत्र्याच्या एकेका भागावर, शांतपणे वेळ द्यावा लागतो. आम्हाला तिथे काय मिळाले? उद्घाटनाला पाहुणे निघाले आहेत, कपडा मारा.

ज्यांना यात काय बिघडते ते कळत नाही, त्यांच्यासाठी एकदा नीट सांगतो. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), रंग आणि त्यावरचा पारदर्शक क्लिअर कोट हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक असतो. गाडीची सगळी चकाकी या एवढ्याशा थरावर अवलंबून असते. धुळीतल्या वाळूत क्वार्ट्झ असते, त्याची कठीणता मोहस मापनात (खनिजांची कठीणता १ ते १० अंकांत सांगणारे माप) ७ आहे आणि साध्या चाकूच्या पात्याची साडेपाचच्या आसपास. असे कण रंगावर पडलेले असताना त्यांवरून कोरडे कापड दाबून फिरवणे म्हणजे रंग पुसणे नव्हे, घासणे आहे. आमच्या गोव्यातली धूळ तर जांभ्याची, लोहयुक्त आणि चिवट. पावसाळा सरला की ती रस्त्याकडेला उडू लागते आणि प्रेक्षकांच्या पादत्राणांबरोबर सभागृहातल्या कार्पेटवर येते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या डिचोलीच्या मुलाला हे शिकवावे लागले नाही. २०१८ साली खाणी बंद होईपर्यंत त्याच्या घरचा ट्रक खनिज वाहत होता आणि त्या धुळीने केबिनच्या रंगाची काय गत होते हे त्याने लहानपणापासून पाहिले आहे. त्याला जे कळते ते कोट्यवधींचे प्रदर्शन भरवणाऱ्यांना कळू नये?

उपाय काही फार मोठा नाही. धूळ आधी हवेच्या हलक्या झोताने उडवायची, मग रिन्सलेस वॉशचे, म्हणजे नंतर पाण्याने धुवावे न लागणारे, द्रावण फवारून कण भिजू द्यायचे आणि सुटू द्यायचे, मग जाड लवीच्या मायक्रोफायबर कापडाने वजन न देता एकाच दिशेने उचलून घ्यायचे, आणि प्रत्येक वेळी कापडाची स्वच्छ बाजू वर आणायची. जमिनीवर पडलेले कापड धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावायचे नाही. यासाठी दोन बादल्या पाणी, एक प्लग पॉइंट आणि गाडीमागे चार पावले जागा पुरते. आम्हाला सांगण्यात आले की कार्पेट भिजेल म्हणून पाणी आत नेता येणार नाही, आवाज होतो म्हणून ब्लोअर चालणार नाही, आणि फवारण्याची बाटली प्रेक्षकांसमोर वाईट दिसते म्हणून ती दिसता कामा नये. करवतीचा आवाज मात्र उद्घाटनाच्या फितीपर्यंत चालला आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

त्यात पुन्हा प्रदर्शनातले दिवे. घराबाहेर सावलीत उभ्या असलेल्या गाडीवरचे बारीक ओरखडे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाहीत, पण छतावरून सोडलेल्या एलईडीच्या केंद्रित झोतात तेच ओरखडे प्रकाशबिंदूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल उजळतात. खरे पाहता ते हव्या त्या दिशेला गेलेले सरळ ओरखडेच असतात. त्यांतले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात आणि म्हणून वर्तुळ दिसते. काळ्या आणि गडद निळ्या रंगावर तर ते लपवता येतच नाहीत. मग धावपळ सुरू होते. "सिरॅमिक कोटिंग आहे ना, मग ओरखडे कसे?" असे मला ऐन गर्दीत विचारले गेले. सिलिकॉन डायऑक्साइडचे ते कोटिंग पाणी आणि घाण टिकू देत नाही, रंग धुणे सोपे करते. डब्यावर छापलेले ९एच हे माप पेन्सिलीच्या कठीणतेच्या चाचणीचे आहे, त्याचा मोहसच्या मापनाशी संबंध नाही, आणि वाळूने घासल्यावर तेही ओरखडतेच. हे मी त्या गृहस्थांना समजावून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी हात झटकला आणि "तुम्ही फक्त पुसा" असे म्हणून ते चालते झाले.

प्रेक्षकांबद्दलही बोललेच पाहिजे. गाडी पाहायला आलेल्या माणसाने ती जवळून पाहावी, दार उघडावे, आसनावर बसावे, त्यासाठीच प्रदर्शन असते. पण पाठीवरची बॅग घेऊन दोन गाड्यांमधल्या अरुंद जागेतून वळताना तिची चेन आणि बकल मडगार्डवरून घासत नेणे, बॉनेटवर लहान मुलाला बसवून फोटो काढणे, आणि त्या मुलाच्या सँडलची टाच रंगावर रुतत असताना आम्ही विनंती केली की "एवढी नाजूक आहे तर आणली कशाला" असे विचारणे, हे कोणत्या सभ्यतेत बसते? किनाऱ्यावरून थेट आलेल्या पाहुण्यांच्या हाताला सनस्क्रीन असते. त्याचा पंजाचा ठसा दाराच्या काळ्या चकचकीत खांबावर उमटला की साध्या कापडाने तो पुसला जात नाही, पसरतो, आणि त्यावर लगेच धूळ चिकटते. तो काढायला पॅनेल वाइप (तेलकटपणा काढणारे द्रावण) लागते आणि मिनिटभर कोणी मध्ये येता कामा नये. ते मिनिट मिळत नाही. शिवाय एखादे सद्गृहस्थ मदत म्हणून खिशातला रुमाल काढून स्वतःच तो डाग खसाखसा घासतात, आणि पियानो ब्लॅक प्लास्टिकवर कायमची खूण ठेवून पुढच्या गाडीकडे जातात. गाडीभोवती हातभर अंतरावर दोरी लावा, एवढीच आमची मागणी होती. दोरीमुळे गाडी लोकांपासून दूर वाटते, हे उत्तर मिळाले.

आम्हाला कोणी नावाने हाक मारत नाही, "ए बॉय" म्हणतात, याचेही फारसे वाटून घेतले नसते. पण बसायला खुर्ची नाही, कारण स्टॉलवरच्या खुर्च्या ग्राहकांसाठी. जेवणाचे कूपन विक्री विभागाच्या मुलांना मिळाले, आम्हाला नाही. ओले मायक्रोफायबर धुवायला आणि वाळत घालायला जागा नाही, म्हणून सत्तरी तालुक्यातून आलेला आमचा मुलगा ते स्वच्छतागृहातल्या बेसिनमध्ये धूत होता आणि तिथूनही त्याला हुसकावले गेले. रात्री प्रदर्शन आवरून बाहेर पडेपर्यंत फोंड्याकडची शेवटची बस निघून गेलेली असायची. ज्याच्याकडे दुचाकी होती त्याने दुसऱ्याला मागे बसवून घरी न्यायचे आणि उजाडण्यापूर्वी परत यायचे, कारण दारे उघडण्यापूर्वी सगळ्या गाड्या पुन्हा आरशासारख्या हव्यात. असल्या झोपमोडीनंतर हात थरथरतो, आणि थरथरणाऱ्या हाताने पॉलिशिंग मशिन पॅनेलच्या कडेवर चालवणे किती धोक्याचे असते, हे हे काम करणाराच जाणतो. कडेवर रंग सगळ्यांत पातळ असतो आणि क्षणार्धात खाली प्रायमर दिसू लागतो.

आता शेवटचा हिशेब. प्रदर्शन संपल्यावर आमच्या बिलातून काळ्या गाडीच्या बॉनेटचे आणि डाव्या दाराचे पॉलिशिंग म्हणून रक्कम कापण्यात आली. ते ओरखडे कपडा मारायला लावल्याने पडले होते, हे मी लेखी कळवले. सुतारकाम चालू असल्याचे त्या पहाटेचे फोटो जोडले. रंगाची जाडी मोजणाऱ्या मीटरचे आकडे जोडले. उत्तर आले की गाड्यांच्या निगेची जबाबदारी कंत्राटात आमच्यावर होती. जबाबदारी आमची आणि पाणी, वेळ, दोरी, दिवे, करवत यांतल्या एकाही गोष्टीवर अधिकार आमचा नाही, असले कंत्राट जगात आणखी कुठे चालते? आणि पॉलिशिंग म्हणजे ओरखडा भरणे नव्हे, त्याच्या भोवतालचा क्लिअर कोट दोन-चार मायक्रॉन खाली उतरवणे असते. ज्याने पुढे ती गाडी विकत घेतली असेल, त्याला कोरी म्हणून दिलेल्या गाडीच्या रंगाचे आयुष्य आधीच कमी झालेले आहे, आणि हे त्याला कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही.

पुढच्या वेळी असे काम आले तर सुतार आणि रंगारी बाहेर गेल्याशिवाय आम्ही एकाही गाडीचे कव्हर काढणार नाही. प्रत्येक पॅनेल दोघांनी मिळून तपासणीच्या दिव्याखाली पाहायचे, फोटो काढायचे, कागदावर दोघांच्या सह्या व्हायच्या. पाण्याच्या दोन बादल्या आणि ब्लोअर आत येणार, फवारण्याची बाटली सर्वांसमोर वापरली जाणार, आणि गाडीला दोरी लागणार. मुलांच्या जेवणाची आणि रात्रीच्या वाहनाची सोय बिलाच्या पहिल्या ओळीत लिहिली जाणार. हे ज्यांना मान्य नसेल त्यांनी दुसरा माणूस पाहावा. माझ्या मुलांच्या हातून कोरड्या धुळीवर कपडा फिरणार नाही.