हात स्टिअरिंगवरच आहेत, अजून कुठे ठेवू?

समृद्धी महामार्ग, सिमेंटचा सरळसोट रस्ता, कारला ताशी १२० ची मर्यादा, लेन असिस्ट (गाडीला आपोआप लेनच्या मध्ये ठेवणारी सिस्टिम) चालू. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोर. तरी थोड्या थोड्या वेळाने मीटरमध्ये तेच चित्र आणि तेच टुंग-टुंग: स्टिअरिंग धरा. अरे, धरलंय की!

गाडीला हात कळतच नाहीत, हे मूळ दुखणं. बऱ्याच गाड्यांत हात ओळखायला वेगळा सेन्सर दिलेलाच नसतो. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगला टॉर्शन बार असतो, म्हणजे पीळ घेणारी छोटी सळई. तुम्ही स्टिअरिंग वळवलं की ती किंचित पिळते, टॉर्क सेन्सर तो पीळ मोजतो आणि त्या हिशोबाने मोटर जोर लावते. कंपन्यांनी पैसे वाचवायला याच सेन्सरला हात शोधायच्या कामाला जुंपलंय. आता सरळ रस्त्यावर, गाडी स्वतःच लेनच्या मध्ये चाललेली असताना, पीळ यायचा कुठून? त्यात दोन्ही हात समोरासमोर, घड्याळातल्या दहा आणि दोनवर ठेवले, तर डावीकडचं वजन उजवीकडच्याला मारतं आणि बेरीज शून्य. ड्रायव्हिंग स्कूलने शिकवलेली पकड गाडीच्या लेखी 'ड्रायव्हर गायब'.

आणि स्टिअरिंगच्या एका बाजूला पाण्याची बाटली बांधून मोबाइल बघत बसणारा महाभाग? त्याला बिनदिक्कत पास, कारण बाटलीचं वजन सतत एकाच बाजूला ओढतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! अशी वजनं अमेरिकेत चक्क विकायला आली होती. तिथल्या एनएचटीएसए या रस्ते सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये विक्री थांबवायचा आदेश काढला. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाला तिथे सुमारे २० लाख गाड्यांचं रिकॉल काढावं लागलं, ते ड्रायव्हरचं लक्ष राखणारी व्यवस्था अपुरी पडते म्हणूनच. म्हणजे रोग जुना, माहितीतला, तरीही तोच सेन्सर आपल्या गळ्यात.

बरा सेन्सर मिळेपर्यंत काय करायचं? एक हात नऊ किंवा तीनवर ठेवा आणि सैल सोडा, त्याचं वजन स्टिअरिंगवर पडू द्या. तेवढा पीळ बहुतेक वेळा पुरतो. वॉर्निंग आली म्हणून वैतागून हिसका मारू नका. जोर जास्त झाला की सिस्टिमला वाटतं तुम्ही गाडी ताब्यात घेतली आणि काही गाड्यांत लेन असिस्ट सुटतो. दुसऱ्या हाताने दुसरीकडे नऊ-तीनची जोडी जमवलीत तर पुन्हा बेरीज शून्य, हेही लक्षात ठेवा.

पुढची गंमत बघा. संयुक्त राष्ट्रांच्या आर-७९ नियमात वॉर्निंगचा क्रम ठरवून दिलाय: हात सुटल्यावर जास्तीत जास्त १५ सेकंदांत चित्र, ३० सेकंदांपर्यंत तेच लाल आणि सोबत आवाज, त्यानंतर आणखी ३० सेकंदांत सिस्टिम बंद. बंद! म्हणजे ज्याला डुलकी लागल्याचा संशय आहे, त्याच्याच हवाली स्टिअरिंग. काही नव्या गाड्या हॅझर्ड लावून हळूहळू थांबतात, ते तरी बरं (मागून ट्रक येत नसेल तर).

'झोप येतेय, थांबा' म्हणून मीटरमध्ये उमटणारं कॉफीच्या कपाचं चित्र ही वेगळी डोकेदुखी. पेंगणारा माणूस थोडा वेळ स्टिअरिंग हलवतच नाही आणि मग एकदम दचकून सरळ करतो. कपवाली सिस्टिम हाच नमुना शोधते. सुरुवातीचा काही वेळ तुमची पद्धत शिकते, मग तुलना करते. पण लेन असिस्ट चालू असताना स्टिअरिंग तर गाडीच फिरवतेय, मग झोप कोणाची मोजताय, गाडीची? आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या खराब पट्ट्यात खड्डे चुकवत जाणारा माणूस ठार जागा असतो, त्याला हा कप दाखवून उपयोग काय? दाखवायचाच तर चहाचा तरी दाखवा.

कपॅसिटिव्ह स्टिअरिंग यापेक्षा पुष्कळ बरं. रिममध्ये विजेचा भार ओळखणारा थर असतो, नुसता स्पर्श पुरतो, ढकलाढकली नको. पण गाडी घेतल्या घेतल्या ॲक्सेसरीवाल्याकडून फोमचं जाड कव्हर शिवून घेतलंत, तर बोटं आणि तो थर यांत अंतर पडतं आणि पुन्हा बोंबाबोंब. हिवाळ्यात जाड हातमोजे घातले तरी तेच. असं कव्हर असेल तर सर्व्हिस सेंटरला शिव्या घालण्याआधी ते काढून बघा.

राहिला ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा. खरं लक्ष तोच बघतो, कारण तो इन्फ्रारेडने डोळे आणि मान टिपतो, रात्रीसुद्धा. तो स्टिअरिंग कॉलमवर असेल तर बारावर हात ठेवू नका, चेहराच झाकला जातो. काही गॉगल इन्फ्रारेड अडवतात, त्यांनीही तो आंधळा होतो. युरोपच्या नियमात ताशी ५० च्या वर नजर सुमारे साडेतीन सेकंद खाली खिळली की वॉर्निंग द्यायची आहे. मान्य, हवीच. पण ज्या कंपन्यांनी एसीचा पंखा टचस्क्रीनच्या दुसऱ्या पानात नेऊन पुरला, त्यांनीच आता 'रस्त्याकडे बघा' म्हणून ओरडायचं? एसीचं गोल बटण परत द्या आधी.