कवींना शाळेत बोलवा, पण भाषणासाठी नको
कवी-गीतकारांनी वर्गात येऊन मुलांना लिहायला शिकवावं, हा लेखातला मुद्दा मनापासून पटला. फक्त भाषण नको, लिहून घ्या. आमच्या सांगली जिल्ह्यात आटपाडी-जतकडच्या आज्यांना जात्यावरच्या ओव्या येतात. मुलांनी त्या घरून ऐकून आणाव्यात आणि तिथूनच सुरुवात व्हावी. पुढे अभंग घ्यावा: चार चरणांच्या मोठ्या अभंगाचं ६-६-६-४ अक्षरांचं माप बोटांवर मोजता येतं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक चौथीतलं पोरही पकडतं. गाण्याला हलगीचा ठेका पुरे! गीतकार गदिमा (ग. दि. माडगूळकर) १९१९ साली आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मले, हे तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक हवं. आणि पाहुणे गेल्यावर वह्या कोण बघणार? मराठीच्या बाईंना पहिल्या दिवसापासून सोबत बसवा.