नार्वाकडे बोट दाखवण्याआधी

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एस्टोनियाचं नाव एरवी थंडीपुरतंच निघतं. पण 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय आला, जूनअखेर तो गुंडाळावा लागला, आणि मधल्या धामधुमीत डोंबिवलीच्या चुलतभावाने, म्हणजे आमच्या दादाने, एक फॉरवर्ड टाकला. जेमतेम चौदा लाखांचा देश, रशिया उशाशी, तरी रशियन शाळा बंद करून दाखवल्या. आपण बारा-तेरा कोटी असून हात चोळत बसलोय! त्याच ग्रुपवर बेळगावचे काका दर 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीचे फोटो टाकतात आणि कन्नडसक्तीला चार शब्द सुनावतात. गंमत म्हणजे दोघांना एकमेकांचं म्हणणं अगदी पटतं. मी मूळची बेळगावची आणि राहते एस्टोनियाच्या राजधानीत, टालिनला, त्यामुळे दोघंही मलाच विचारतात, "तिकडे कसं काय केलं गं त्यांनी?"

1934 साली एस्टोनियात शंभरातले अठ्ठ्याऐंशी लोक एस्टोनियन होते. 1989 पर्यंत ते प्रमाण बासष्टच्याही खाली आलं. मधल्या काळात सोव्हिएत कब्जा झाला, आणि एकट्या मार्च 1949 मध्ये चार-पाच दिवसांत वीस हजारांवर माणसं गाड्यांत कोंबून सायबेरियाला धाडली गेली. त्यांत बायका-मुलंच जास्त. उलट दिशेने कारखान्यांसाठी रशियातून मजूर आले. रशियाच्या सीमेवरचं नार्वा शहर 1944 च्या बॉम्बवर्षावात जमीनदोस्त झालं, जुन्या रहिवाशांना परत येऊ दिलं नाही, आणि नव्या इमारतींत नवी माणसं आणून वसवली. आज तिथे शंभरातले पंचाण्णवहून जास्त लोक रशियन बोलतात. नदीच्या या काठावर एक किल्ला, त्या काठावर रशियाचा इव्हानगोरोदचा किल्ला, मध्ये पूल. त्या राजवटीत एस्टोनियन माणसाला रशियन आल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. रशियन माणूस मात्र एस्टोनियनचा एक शब्द न शिकता निवृत्त होऊ शकत होता.

स्वातंत्र्य परत मिळाल्यावर 1992 मध्ये 1938 चा जुना नागरिकत्व कायदा पुन्हा लागू झाला. जे 1940 पूर्वी नागरिक होते ते आणि त्यांचे वंशज तेवढे आपले. बाकीचे, म्हणजे जवळपास एक तृतीयांश लोक, एका रात्रीत कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. भाषेची आणि राज्यघटनेची परीक्षा द्या, नागरिक व्हा, हा मार्ग ठेवला होता. कोणी तो घेतला, कोणी रशियाचा पासपोर्ट घेतला. राहिलेल्यांकडे करड्या कव्हरचा पासपोर्ट असतो आणि इतक्या वर्षांनंतरही असे साठेक हजार लोक आहेत.

दादाच्या फॉरवर्डमध्ये हे काही नव्हतं. रशियन शाळा तीसहून अधिक वर्षं चालू होत्या, हेही नव्हतं. शाळा एस्टोनियन माध्यमात नेण्याचा कायदा झाला डिसेंबर 2022 मध्ये, म्हणजे युक्रेनवर हल्ला झाल्यावर. सप्टेंबर 2024 पासून बालवाड्या, पहिली आणि चौथी यांपासून सुरुवात झाली. 2029-30 पर्यंत ते पूर्ण करायचं आहे. मधली तीन दशकं एकाच गावातली मुलं दोन शाळांत वाढली. पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय पिसा चाचणीत रशियन माध्यमाची मुलं सतत मागे पडत राहिली आणि चांगल्या नोकऱ्यांतही तेच झालं. म्हणूनच कितीतरी रशियन आईबाप कायद्याची वाट न बघता मुलांना एस्टोनियन बालवाडीत घालत होते. माझ्या मते शाळा एक करायला उशीर झाला, घाई नव्हे.

मी एस्टोनियन भाषेच्या बी-वन, म्हणजे मधल्या, पातळीच्या परीक्षेसाठी वर्गाला जायचे, तेव्हा शेजारी एक पन्नाशीच्या बाई बसायच्या. टालिनच्या लास्नामे भागातल्या त्या एकसारख्या सोव्हिएत इमारतींमधल्या. जन्म टालिनचा, शाळा टालिनची, नोकरी दुकानात गल्ल्यावर. चौदा विभक्त्यांचा तक्ता त्यांनी वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला होता, आणि उत्तर देण्याआधी बोट त्या तक्त्यावरून फिरायचं. मी आलेली कंपनीच्या करारावर. पास झाले तर मला दीर्घकालीन परवाना. त्या पास झाल्या, तर जिथे जन्मल्या तिथल्या नागरिक होण्याच्या वाटेवर. म्हणायच्या, "बोलायचं कुणाशी? माझी सगळी गिऱ्हाइकं रशियन. चुकून एस्टोनियन आलंच, तर माझा उच्चार ऐकून तेच रशियनवर येतं." माझ्याशी ते इंग्रजीवर येतात. ठाण्यात रिक्षात बसल्याबसल्या "भैया, स्टेशन" म्हणणारे आपण आणि हे लोक, एका माळेचे मणी. आणि वर्गात जागा मिळवणं हीच एक परीक्षा! सरकारी मोफत वर्गांची नोंदणी उघडली की काही मिनिटांत संपते.

आता आपल्याकडचं नार्वा म्हणजे कोण? दादाला तिथे मुंबईतला हिंदीभाषक दिसतो. ते अर्धं खरं आहे. रशियनच्या पाठीशी मोठा देश आहे, ती बोलणाऱ्याचं स्थानिक भाषेवाचून अडत नाही, हिंदीचंही तसंच. पण मुंबईत आलेल्या माणसाला कुठल्या आक्रमक राजवटीने मूळच्या लोकांना हाकलून आणून बसवलेलं नाही. तो आपल्याच देशात, संविधानाने दिलेल्या हक्काने, पोटासाठी आलाय. काकांनी मात्र नार्वात स्वतःला पाहायला हवं: सीमेवरचं गाव, संख्येने भरपूर, पण राज्याच्या लेखी अल्पसंख्य, आणि शाळेचं माध्यम कळीचा मुद्दा. तेही अर्धंच. बेळगावच्या मराठी माणसाला कोणी आणून वसवलं नाही. 1956 मध्ये राज्याची रेघ त्याच्या दारावरून गेली.

आणि बेळगावचं म्हणणं "कन्नड शिकणार नाही" असं कधी नव्हतं, निदान आमच्या घरात तरी. मी शाळेत कन्नड शिकले, आजही बसमध्ये, बाजारात बोलते. बाबांना मात्र जमिनीचा उतारा कन्नडमध्येच मिळायचा आणि तो वाचून दाखवायला मी लागायचे. कन्नडबरोबर मराठीतही कागद द्या, ही मागणी. तिला आधार आहे. घटनेच्या कलम 350 अ मध्ये मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय आहे, 350 ब मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी अधिकारी. पण फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ मराठीत बोलला नाही म्हणून बसवाहकाला मारल्याचा आरोप झाला, पुढे पुण्यात कर्नाटकच्या गाड्यांना काळं फासलं गेलं, दोन्हीकडच्या बससेवा बंद पडल्या, तेव्हा काकांनी ग्रुपवर चकार शब्द काढला नाही. काही महिन्यांनी मीरा रोडला मराठीवरून दुकानदाराच्या कानाखाली वाजली, तेव्हा दादा मात्र खुश.

एस्टोनियात कोणत्या कामाला भाषेची कोणती पातळी लागते, हे ठरलेलं आहे. विक्रेत्याला वेगळी, परिचारिकेला वेगळी, शिक्षकाला सर्वांत वरची. भाषा खात्याचा निरीक्षक येतो, मुदत देतो, दंडही करतो. लोक त्यावर चडफडतात, पण काय येणं अपेक्षित आहे आणि कधीपर्यंत, हे प्रत्येकाला माहीत असतं. आपल्याकडे सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा 2020 चा आहे, आणि त्या विषयाचे गुण धरायचे की नाही यावरच सवलती निघाल्या. रस्त्यावर थप्पड आणि शाळेत सूट, या जोडीला मी तरी भाषाप्रेम म्हणणार नाही.

एस्टोनियनांना भाषेचा आग्रह धरायचा हक्क आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. दहा-अकरा लाखांची ही भाषा इथे गेली की जगातून गेली. पण तो आग्रह आता भाषेच्या पलीकडे चाललाय. मार्च 2025 मध्ये घटनादुरुस्ती झाली, 93 विरुद्ध 7 मतांनी. रोख रशिया आणि बेलारूसच्या नागरिकांवर होता, पण युरोपीय संघाबाहेरच्या सगळ्यांचाच पालिका निवडणुकीतला मताधिकार गेला, माझाही. करड्या पासपोर्टवाल्यांना ऑक्टोबर 2025 चं मतदान शेवटचं. युद्ध शेजारी असताना भीती समजू शकते. पण ज्याने परीक्षा दिली आणि ज्याने दिली नाही, दोघांना एकाच दारातून बाहेर काढलं, तर पुढच्याने परीक्षा कशासाठी द्यावी?

याच देशाने 1925 मध्ये, स्वतः सात वर्षांचा असताना, अल्पसंख्याकांना सांस्कृतिक स्वायत्ततेचा, म्हणजे आपल्या शाळा-संस्था स्वतः चालवण्याचा, कायदा दिला होता. त्याचा फायदा ज्यूंनी घेतला आणि जर्मनांनीही, जे शतकानुशतकं एस्टोनियन कुळांचे जमीनदार होते! 1993 मध्ये तसा कायदा पुन्हा आला. त्याखाली इन्ग्रियन फिन (रशियालगतच्या इन्ग्रिया भागातले फिनिश) आणि स्वीडिश अशा मूठभर लोकांच्या संस्था झाल्या; रशियनांचे अर्ज फेटाळले गेले.

नव्या शाळांत रशियनसाठी उरतं ते असं: दहा मुलांच्या पालकांनी मागणी केली तर आठवड्याला दोन तास. आपल्या जूनमधल्या सुधारित शासन निर्णयात हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात वीस मुलं लागणार होती. सीमाभागात मराठी कागदासाठी पंधरा टक्के लोकसंख्येचा निकष सांगतात. नार्वात दहा मुलं कुठेही सापडतील. पण एस्टोनियाच्या आतल्या एखाद्या गावात शाळेत नऊच निघाली, तर त्यांच्या पालकांनी कुणाकडे जायचं?